‘द एंडलेस’: चकवा लागण्याआधीची गोष्ट

‘द एंडलेस’ (2017) पहिल्यांदा पाहताना मध्येच एक खोपट येतं. आत बेडी घातलेला माणूस आणि त्याचा वैतागलेला मित्र. हे दोघे कोण, इथे काय करताहेत, याचा फारसा खुलासा होत नाही. मी तेव्हा दिग्दर्शकांवर जरा चिडलोच होतो. ही माणसं आधीच्या सिनेमातून चालत आली आहेत, हे नंतर कळलं.

तो सिनेमा म्हणजे 2012 चा ‘रेझोल्यूशन’. जस्टिन बेन्सन आणि अ‍ॅरन मूरहेड यांचा पहिला. दोघांची ओळख रिडली स्कॉट यांच्या जाहिरात-कंपनीत उमेदवारी करताना झाली. बेन्सन लिहितो, मूरहेड कॅमेरा सांभाळतो, दिग्दर्शन दोघांचं. पैसे जेमतेम, म्हणून गोष्टही तेवढ्यातच बसवलेली: अमली पदार्थांच्या नादी लागलेल्या मित्राला सुधारायचं म्हणून एक जण त्याला आठवडाभर बेडीने जखडून ठेवतो. मग कुणीतरी जुने फोटो, टेप असं काहीबाही त्यांच्यापर्यंत पोचवू लागतं. जे कुणी पाहतंय, त्याला गोष्टीचा शेवट हवाय.

याच सिनेमात परग्रहवासीयांची वाट बघणाऱ्या पंथातले लोक थोडा वेळ दिसतात, आणि त्यांत खुद्द दोघे दिग्दर्शक आहेत. ही पात्रं पाच वर्षांनी नायक झाली. ‘द एंडलेस’मध्ये ते जस्टिन आणि अ‍ॅरन याच नावांचे भाऊ आहेत. दहा वर्षांपूर्वी पंथातून पळालेले, साफसफाईची कामं करून कसंबसं पोट भरणारे. एक टेप येते आणि धाकटा म्हणतो, एकदा जाऊन येऊ. तिथलं जेवण तरी बरं होतं!

पंथाचं चित्रण करताना कॅलिफोर्नियात कल्पनेला फार ताण द्यावा लागत नाही. मार्च 1997 मध्ये सॅन डिएगोजवळच्या रँचो सांता फे इथल्या भाड्याच्या बंगल्यात ‘हेवन्स गेट’ पंथाच्या 39 जणांनी सामूहिक आत्महत्या केली. त्यांत म्होरक्या मार्शल अ‍ॅपलव्हाइटही होता. हेल-बॉप धूमकेतूमागून येणारं यान आपल्याला न्यायला आलंय, अशी त्यांची श्रद्धा होती. हे लोक संकेतस्थळं बनवून पैसे कमवत. काही पुरुषांनी स्वतःचे वृषणही काढून घेतले होते. सिनेमातला थोरला भाऊ आपल्या पंथाबद्दल बाहेर नेमकं असलंच काही सांगत फिरलेला असतो. खरं किती, हाच भावाभावांतला वाद. कॅम्पवरची माणसं तर बिअर गाळणारी, हसतमुख. फक्त दहा वर्षांत त्यांचं वय वाढलेलं नाही.

दुसरा वारसा अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टचा. त्याचं वाक्य सिनेमाच्या सुरुवातीलाच येतं: माणसाची सगळ्यांत जुनी भीती अज्ञाताची. राक्षस उभा करायला पैसे नसणाऱ्यांना याहून सोयीचं तत्त्वज्ञान कुठलं? इथे ती शक्ती धड दिसतच नाही. अंधारात वर गेलेला एक दोर आहे, आणि पलीकडून कुणीतरी तो ओढतंय. रस्सीखेचीचा हा प्रसंग मला अख्ख्या सिनेमातला सर्वांत भयंकर वाटतो.

बाकी भीती काळाची. कोकणात रानात भटकून माणूस पुन्हा त्याच झाडाशी आला, की चकवा लागला म्हणतात. इथे चकवा वेळेला लागलाय. प्रत्येकाचं रिंगण वेगळं: कुणाचं कित्येक वर्षांचं, तर तंबूतल्या एका माणसाचं काही सेकंदांचं. खोपटातले ते दोघेही अशाच रिंगणात आहेत. ‘रेझोल्यूशन’चा शेवट पाहिलेल्याला हे कळतं, इतरांना नुसतं जाणवतं.

पुढे मार्व्हलने दोघांना ‘मून नाइट’ आणि ‘लोकी’ या मालिकांचे काही भाग दिग्दर्शित करायला दिले. ‘मून नाइट’ आलं त्याच 2022 मध्ये त्यांचा ‘समथिंग इन द डर्ट’ आला: लॉस एंजेलिसमधली इमारत, दोन शेजारी, घरात घडणारं काहीतरी अनाकलनीय. शेजारी कोण, तर पुन्हा हेच दोघे.