इंग्रजी वाक्प्रचार व त्यांची स्पॅनिश समांतर रूपे

शब्दांचा सरळ अर्थ मागे पडून रूढीने वेगळाच अर्थ देणारा शब्दसमूह म्हणजे वाक्प्रचार. तो एका भाषेतून दुसरीत शब्दाला शब्द ठेवून नेता येत नाही. त्याच प्रसंगी दुसऱ्या भाषेतला माणूस काय म्हणतो, ते शोधावे लागते. सांगली-मिरजेकडचा विद्यार्थी इंग्रजीतल्या पुस्तकांवरून स्पॅनिश शिकू लागला, की इंग्रजी वाक्प्रचाराचे स्पॅनिश रूप पाठ करतो आणि मराठी बाजूला ठेवतो. हे नुकसानीचे आहे, कारण अनेक ठिकाणी स्पॅनिशला मराठीच अधिक जवळची पडते.

रात्रभर झोप आली नाही, तर इंग्रजीत ‘नॉट स्लीप अ विंक’. स्पॅनिशमध्ये ‘नो पेगार ओहो’, म्हणजे डोळा न चिकटणे. आपल्याकडेही डोळ्याला डोळा लागत नाही. ‘पोनेर एल देदो एन ला यागा’ म्हणजे जखमेवर बोट ठेवणे; मराठीत ते वर्मावर ठेवतात. थट्टेसाठी इंग्रजी पाय खेचते (‘पुल समवन्स लेग’), तर स्पॅनिश केस घेते : ‘तोमार एल पेलो’. ‘तोमार’ म्हणजे घेणे, आणि आपणही फिरकी घेतोच. इंग्रजीवरून ‘पाय ओढणे’ असे मराठी केले, तर अर्थ पार बिघडतो. आपल्याकडे पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला वर येऊ देत नाही.

द्राक्षांचे वाक्प्रचार तासगावच्या विद्यार्थ्याला विशेष जवळचे वाटतील. ‘वन्स इन अ ब्लू मून’ला स्पॅनिश रूप ‘दे ऊवास आ पेरास’, म्हणजे द्राक्षांपासून नाशपतीपर्यंत. स्पेनमध्ये द्राक्षांची तोडणी मुख्यतः सप्टेंबरच्या सुमारास होते. तिथून पुढची नाशपती हाती येईपर्यंत बराच काळ जातो, म्हणून अर्थ ‘क्वचित कधीतरी’. तासगावची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे इथल्या दिनदर्शिकेवरून हा अर्थ लागत नाही. आधी स्पेनचा हंगाम डोळ्यांसमोर आणावा लागतो. इसापाच्या कोल्ह्याची द्राक्षे मराठीत आणि इंग्रजीत आंबट असतात, स्पॅनिशमध्ये मात्र ‘एस्तान वेर्देस’, म्हणजे हिरवी आहेत. थॉमसन जातीची द्राक्षे पिकली तरी हिरवीच दिसतात, तेव्हा बागाईतदाराच्या मुलाला यात नकार कुठे आहे हे कळणार नाही. ‘वेर्दे’चा दुसरा अर्थ ‘कच्चा’ आहे, हे सांगितले की गाठ सुटते. ‘तेनेर माला ऊवा’, म्हणजे वाईट द्राक्ष असणे, हे खुनशी स्वभावाच्या माणसाबद्दल म्हणतात. जिथे जे मुबलक आहे तिथेच ते नेणे, अशा अर्थाच्या ‘न्यूकॅसलला (इंग्लंडमधल्या कोळशाच्या गावाला) कोळसा नेणे’ या इंग्रजी वाक्प्रचारासाठी स्पॅनिशमध्ये डोंगरावर सरपण नेतात. द्राक्षतोडणीला जाताना जेवणानंतर खायला द्राक्षेच बरोबर नेणे, असेही एक रूप आहे. सांगलीच्या पेठेत हळद विकायला आणणाऱ्या परगावच्या पाहुण्याची कल्पना केली, की दोन्ही एकदम समजतात.

हातातल्या एका पक्ष्याची किंमत इंग्रजीत झुडपातल्या 2 पक्ष्यांएवढी, तर स्पॅनिशमध्ये तो उडणाऱ्या 100 पक्ष्यांपेक्षा बरा. मराठीत पक्षीच नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढेच सांगितले जाते. मुसळधार पावसात इंग्रजी कुत्री-मांजरे पाडते, स्पॅनिश घागरी ओतते : ‘योवेर आ कान्तारोस’. सोप्या कामाला इंग्रजीत केकचा तुकडा, स्पॅनिशमध्ये ‘पान कोमिदो’ म्हणजे खाल्लेला पाव, आपल्याकडे हातचा मळ. ‘एका दगडात दोन पक्षी’ मात्र तिन्हीकडे जवळपास सारखे, फक्त स्पॅनिशमध्ये दगडाऐवजी बंदुकीचा एक बार असतो.

अर्थ जुळला तरी बोलण्याचा सूर जुळतोच असे नाही. मरण्याच्या अर्थाच्या ‘किक द बकेट’साठी ‘एस्तिरार ला पाता’, पाय ताणणे, हे रूप देतात. ‘पाता’ हा जनावराचा पाय. माणसाच्या पायाला ‘पिएर्ना’ म्हणतात. त्यामुळे हा वाक्प्रचार ‘गचकला’च्या जवळचा असून दुःखाच्या घरी उच्चारू नये. प्रदेशानुसारही रूप बदलते : मेक्सिकोत याच अर्थाने ‘कोल्गार लोस तेनिस’, म्हणजे खेळाचे बूट टांगून ठेवणे, असे म्हणतात.