वऱ्हाडी लेकराची जीभ आणि तपासणाऱ्याचा कान

तपासणीच्या टेबलावर चित्रांची कार्डं मांडलेली असतात. कोथिंबिरीच्या जुडीवर बोट ठेवून 'हे काय?' विचारलं की यवतमाळ-वाशीमकडचं लेकरू 'सांबार' म्हणतं. बटाट्याला ते आलू म्हणतं, बैलगाडीला बंडी. छापील उत्तरांशी ताडून पाहणारा तिन्ही ठिकाणी फुली मारू शकतो. पुढे एखादी मुलगी 'मी जातो' म्हणाली की लिंगाची चूक, 'तो येते' म्हणाली की क्रियापदाची चूक, आणि 'डोया', 'पानी' म्हणाली की ळ आणि ण येत नाहीत असा शेरा. तिच्या घरी आजीपासून सगळे असंच बोलतात. वाचा-उपचाराच्या कामात सुरुवातीला असे शेरे मीही लिहिले आहेत. त्याची खंत आजही आहे. आपले कान असे कुठे घडले, हे तेव्हापासून शोधत आलो.

वऱ्हाडी ही बिघडलेली मराठी नव्हे. भाषा-अभ्यासक ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाड आणि नागपूरकडच्या मराठीची वैशिष्ट्यं नमुन्यांसह नोंदवलेली आहेत. 'विहीर'ची 'इहीर' होते, 'वेळ'ची 'येळ' होते, ती नियमानं होते. त्याच्याही सहाशे वर्षं आधी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभावांनी लोकांच्या बोलीत ग्रंथ लिहिले. एका शिष्याला संस्कृतात लिहायचं होतं, तर नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं: माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. ऐकणाऱ्याची भाषा आधी धरायची, हा विचार आपल्या मातीत इतका जुना आहे.

शाळेची मराठी मात्र पुण्या-मुंबईत घडली. त्या काळात वऱ्हाड आणि नागपूर वेगळ्या कारभाराखाली होते. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९६७ मध्ये बालभारती निघाल्यावर तिची पुस्तकं सगळीकडे पोचली. पुस्तकं हवीच होती. पण त्यांच्यासोबत 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्दही वर्गात आले, आणि 'मले' म्हणणारं पोर अशुद्ध ठरलं.

वाचा-उपचाराचं शिक्षण भारतात १९६०च्या दशकात रुजलं, मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. शिक्षण इंग्रजीत, पुस्तकं बहुतेक अमेरिकी, चाचण्याही तिकडच्या किंवा तिकडच्या साच्यातल्या. चित्र दाखवून शब्दसंपत्ती मोजणारी पीबॉडी चाचणी १९५९ ची. तिचं मूळ प्रमाण नॅशव्हिल आणि आसपासच्या गोऱ्या मुलांवरून ठरलं होतं. आपल्याकडे कामत यांनी १९३०च्या दशकात बुद्धी मोजणारी बिने चाचणी कन्नड आणि मराठीत बसवली. ते मोठंच काम होतं, पण ती मराठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, रानातली नव्हे.

या शास्त्राच्या पायात आणखी एक जुनी चूक आहे. वेंडेल जॉन्सन हा अमेरिकेतला तोतरेपणाचा नावाजलेला अभ्यासक. १९४४ मध्ये त्यानं लिहिलं की बॅनॉक आणि शोशोनी या आदिवासींमध्ये तोतरेपणासाठी शब्दच नाही आणि तोतरी माणसंही नाहीत. हे कित्येक वर्षं वर्गावर्गांत शिकवलं गेलं. १९८३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच लोकांना नीट विचारलं, तर शब्द एक सोडून अनेक निघाले, तोतरी माणसंही निघाली.

माझ्या मनाला सर्वांत लागून राहिलं ते अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह याचं १९६९ मधलं लिखाण. गरीब कृष्णवर्णीय मुलांकडे भाषाच नसते, असं तेव्हा मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत एका-एका शब्दात उत्तरं द्यायचा. मग विचारणाऱ्यानं बटाट्याच्या चिप्सचं पाकीट आणलं, त्या मुलाचा दोस्त सोबत बसवला, आणि स्वतः जमिनीवर बसला. मुलगा भांडत, मधे घुसत, भराभरा बोलू लागला. विचारणारा तोच, मुलगाही तोच. धारणी-चिखलदऱ्याचं कोरकू लेकरू अंगणवाडीत गप्प बसतं तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, कोलामी आणि माडिया द्राविडी. पुसद-मानोऱ्याच्या तांड्यांवर बंजारा लोक गोरमाटी बोलतात. या मुलांना मराठी परकी असते, आणि नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही महिने गप्प राहू शकतं. त्याला 'उशिरा बोलणारा' म्हणण्याआधी ते आपल्या भाषेत किती बोलतं हे आईला विचारायला हवं.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर गावच्या शाळेवरच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की वाचन शिकवताना मुलांची घरची बोली शाळेनं लक्षात घ्यावी. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीर केलं की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचादोष नाही. मराठीच्या बोलींबद्दल असंच वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक तपासणी-पत्रकावर छापलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि सिकंदराबादला जन्मलेल्या महझरीन बानाजी यांनी १९९५ मध्ये नकळत बसलेल्या पूर्वग्रहांचा विचार मांडला. वाईट हेतू नसलेल्या माणसाच्या हातूनही भेद होतो, हे त्यानंतर बोलणं सोपं झालं.

कायद्यात १९९५ च्या सात अपंगत्वांमध्ये वाचादोष नव्हता, २०१६ च्या एकवीसमध्ये तो आला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांपर्यंत जातात. त्यामुळे खेड्यातली मुलं तपासणीच्या टेबलापर्यंत पोचू लागली, आणि कोणता कान त्यांना ऐकतो हा प्रश्न जास्त निकडीचा झाला.

पूर्वग्रहाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. 'गावातली पोरं बोलतात उशिरा', 'बाप पण उशिराच बोलला', असं म्हणून परत पाठवलेल्या मुलाला पुढे नीट ऐकूच येत नसल्याचं कळतं, आणि हातची वर्षं निघून गेलेली असतात. म्हणून कान आधी तपासायचे, मग बोली. मग सल्ला. 'रोज अर्धा तास चित्रांचं पुस्तक घेऊन बसा' हे वेचणीला जाणाऱ्या बाईला सांगून उपयोग नाही. लेकरू दिवसभर आजीजवळ असतं. तुरीच्या शेंगा सोलताना, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला ओढताना शब्द येतात, ते आजीला दाखवायचे. आता मी आधी आजीलाच विचारतो, "आजी, घरी अजून कोन असं बोलते?"