उकिरडा तापला पाहिजे

पौषातल्या गार सकाळी नीट रचलेला शेणाचा ढीग दाताळ्याने उकरून बघावा. वरचा वीतभर थर गार असतो, दवाने ओला. त्याच्या खाली दाताळं शिरलं की भसकन वाफ बाहेर येते आणि आतल्या पाचटावर राख भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसतो. ढीग लागला की नाही हे बघायला त्याच्या पोटात लोखंडी पहार खुपसून ठेवायची जुनी रीत आहे. पाच-दहा मिनिटांनी ती उपसायची आणि आत गेलेलं टोक मुठीत धरायचं. धरवलं नाही, तर ढीग तापलाय.

खताबद्दल बोलताना आपण मात्र नेहमी ‘कुजलेलं’ म्हणतो, ‘तापलेलं’ म्हणत नाही. या दोन शब्दांत फार मोठा फरक आहे. वर्षभर पडून राहिलेलं शेण काळं होतं, त्याचा वास जातो, हाताला भुसभुशीत लागतं. पण ते कधी तापलंच नसेल, तर त्यातले रोगजंतू मेलेच असतील याची खात्री देता येत नाही.

जनावर अगदी ठणठणीत असलं तरी त्याच्या शेणात माणसाला आजारी पाडणारे जंतू असू शकतात. ई. कोलाय हा जिवाणू गुरांच्या आतड्यात कायमचाच वस्तीला असतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. पण ओ१५७:एच७ नावाचा त्यातला एक प्रकार गाईला काही करत नाही, माणसाच्या पोटात गेला तर मात्र रक्ती हगवण लावतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडंही निकामी करू शकतो. शंभराहून कमी जिवाणूसुद्धा त्यासाठी पुरतात. कोंबडीखतातून साल्मोनेला येतो, वासरांच्या हगवणीतून क्रिप्टोस्पोरिडियम. भाजी शिजवली की हे सगळे मरतात. पण पोह्यांवर पेरलेली कोथिंबीर, भाकरीसोबतचा कांदा, मुळा, गाजर, काकडी आपण कच्चंच खातो, आणि यातलं बरंचसं मातीला टेकून किंवा मातीतच वाढतं.

नुसतं थांबून हे जंतू जातात का? अमेरिकेतला १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला नेहमी आठवतो. मेंढ्यांच्या लेंड्यांचा ढीग न हलवता उघड्यावर ठेवला, तर त्यात ओ१५७:एच७ तब्बल २१ महिने जिवंत सापडला. हवा खेळती ठेवलेल्या लेंड्यांच्या ढिगात तो ४ महिने टिकला आणि तशाच गाईच्या शेणाच्या ढिगात ४७ दिवस. म्हणजे नुसता काळ जाऊन भागत नाही, ढिगात हवा शिरावी लागते.

हवा का लागते, ते ढिगाच्या पोटात कळतं. शेण आणि काडीकचरा ओलसर करून एकत्र रचला की आधी साध्या उबेत वाढणारे जिवाणू त्यावर तुटून पडतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते आणि ढीग मोठा असल्याने ती आतच कोंडते. तापमान ४० अंशांपुढे गेलं की हे जिवाणू मागे पडतात आणि उष्णताप्रेमी जिवाणूंचं राज्य सुरू होतं. ते ढीग ५५-६५ अंशांपर्यंत नेतात. जनावराच्या आतड्यातल्या ३८-३९ अंशांत वाढलेल्या जंतूंची प्रथिनं या उष्णतेत विस्कटतात आणि ते मरतात. जंतांची चिवट अंडी, माश्यांच्या अळ्या, गाजरगवताचं बी यांचंही तेच होतं. शेतकऱ्याला जंतू दिसत नाहीत, पण खतातून आलेलं तण दिसतं. म्हणून तण कमी होईल असं सांगितलं की ही गोष्ट चटकन पटते, असा माझा अनुभव आहे.

उष्णतेला जोड मिळते ती शेणमुतातून सुटणाऱ्या अमोनियाची आणि त्या पांढुरक्या थराची. तो बुरशीसारखा दिसत असला, तरी त्यात बुरशीसारखे धागे काढणारे ॲक्टिनोमायसीट नावाचे जिवाणूही असतात. त्यांच्यातले अनेक जण प्रतिजैविकं तयार करतात. १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने भरपूर शेणखत घातलेल्या जमिनीतल्या मातीतून याच कुळातला एक जिवाणू वेगळा केला. क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, त्यातून मिळालं.

पण ढिगाचं पोट तापलं तरी पाठ गारच राहते. वरच्या आणि कडेच्या थरातले जंतू आरामात जगतात. म्हणून ढीग परतायचा असतो, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत हे आकड्यांत बांधलं आहे: लांब ओळीत रचलेला ढीग किमान १५ दिवस ५५ अंशांच्या वर राहिला पाहिजे आणि तेवढ्या काळात ५ वेळा परतला गेला पाहिजे. परतलं की ढीग तात्पुरता निवतो, मग ताजी हवा मिळून पुन्हा चढतो. तो पुन्हा चढणं बघण्यात एक समाधान आहे. पहारीने अंदाज येतो, पण लांब दांडीचा तापमापक घेतला तर उत्तमच.

ढीग परतून खत करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत जगाला दिली ती इंदूरने. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात, यशवंत वाड यांच्या साथीने ती बसवली. तीन महिन्यांत खत तयार करणारी ही रीत पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच जगभर गेली. त्यात गोठ्यातलं शेण, मूत भिनलेली माती आणि शेतातला काडीकचरा यांचे थर असत आणि ठरावीक दिवसांनी परतणी असे.

आपल्या उकिरड्याची अडचण वेगळीच आहे. त्यावर रोज सकाळी ताज्या शेणाची पाटी पडते. तळाचं शेण आठ महिन्यांचं आणि वरचं कालचं. वैशाखात ट्रॉली भरताना दोन्ही एकत्र होतं आणि ताज्यातले जंतू जुन्यात मिसळून शेतात जातात. शिवाय नुसतं शेण ओलं नि चिकट, त्यात हवा शिरत नाही, त्यामुळे ते तापतही नाही. पावसाळ्यात तर उकिरडा भिजून काळं पाणी सुटतं आणि ते विहिरीकडे वाहतं.

उपाय फार खर्चाचा नाही. एकाऐवजी तीन जागा करायच्या: एक भरती, एक तापती, एक तयार. भरती जागा भरली की त्यातलं शेण उपसून पाचट, गव्हाचं काड, पालापाचोळा असं कोरडं सामान मिसळून कमरेपासून छातीपर्यंत उंच ढीग रचायचा. लांबी-रुंदीही मीटरभर तरी हवी, नाहीतर उष्णता टिकत नाही. ओल इतकी की मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. त्या ढिगावर नंतर एक पाटीही टाकायची नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जड जाते, कारण सवय पिढ्यांची असते.

पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांचं नाडेप टाकं, म्हणजे भिंतींत भोकं ठेवलेलं विटांचं खताचं टाकं, खत म्हणून चांगलंच, पण ते परतलं जात नाही, त्यामुळे कडेचा माल तापला असेल असं धरून चालू नये. गोबरगॅसची स्लरी साध्या उबेतच तयार होते, तीही ढिगात घालून तापवावी. गांडुळं उष्णता सोसत नाहीत, म्हणून आधी ढीग तापवायचा, निवू द्यायचा आणि मग गांडुळं सोडायची. शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं जीवामृत तापतच नाही, तेव्हा कापणीला आलेल्या पालेभाजीवर ते फवारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कच्चं शेण घालायचीच वेळ आली, तर त्याच अमेरिकी नियमांत दिवसांचं अंतर दिलं आहे: मातीला लागणाऱ्या पिकासाठी काढणीच्या १२० दिवस आधी, इतर पिकांसाठी ९० दिवस आधी. मेथी-कोथिंबीर दीड महिन्यात निघते, म्हणजे त्यांच्या वाफ्यात कच्चं शेण बसतच नाही. ते ज्वारी-कापसाला जाऊ द्यावं.

तापवूनही न मरणारे काही जंतू आहेत. धनुर्वात आणि फाशी म्हणजे अँथ्रॅक्स यांचे बीजाणू ही उष्णता पचवतात. म्हणून फाशीने गेलेलं जनावर ढिगात कधीच घालायचं नाही, पशुवैद्यकाला कळवून जाळायचं किंवा चुन्यासह खोल पुरायचं. आणि खत कितीही चांगलं झालं असलं, तरी हातापायाला जखम असताना त्यात हात घालू नये आणि धनुर्वाताची लस चुकवू नये.

दिवाळीनंतर रचलेला ढीग माघात निवलेला असतो. परतला तरी पुन्हा चढत नाही, शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. त्याला अजून महिनाभर मुरू द्यावं, कारण निवल्यावर त्यात वसती करणारे साधे जिवाणू चुकून आलेल्या साल्मोनेलाला पाय रोवू देत नाहीत. या काळात त्यावर कोंबड्या उकरायला सोडू नयेत. आणि गोठ्यातलं शेण ओढलेलं दाताळं, घमेलं धुतल्याशिवाय तयार खताला लावू नये. जमलं तर तयार खताचं दाताळं वेगळंच ठेवावं, दांड्याला रंग मारून.