कॉलेजची स्कॉलरशिप: फॉर्म भरायला येण्याआधी एवढं वाचा

जुलै लागला की आमच्या दुकानात खुर्च्या चार आणि माणसं चाळीस अशी परिस्थिती असते, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून या वर्षी सरळ छापूनच देतोय आणि व्हॉट्सॲपवर पण टाकतोय. घरी निवांत वाचा, पोराला-पोरीला वाचायला द्या, मग या. बार्शीत आम्ही कॉलेजच्या पोरांचे ऑनलाईन फॉर्म भरतो, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय की स्कॉलरशिप बसतच नव्हती म्हणून गेली अशी पोरं कमी असतात आणि बसत असून कागदात नायतर बँकेत अडकली अशी जास्त. फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम झालं असं समजून पालक पेढे घेऊन येतात, पण खरं काम तिथून पुढं सुरू होतं.

कुठं काय मिळतं

महाराष्ट्रातल्या बहुतेक सगळ्या सरकारी स्कॉलरशिपा महाडीबीटी पोर्टलवर, म्हणजे राज्य सरकारच्या वेबसाईटवर आहेत. एससीसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याला घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. त्याच्या वर उत्पन्न असेल तर फ्रीशिप आहे, त्यात शिक्षण फी आणि परीक्षा फी निघते पण निर्वाह भत्ता मिळत नाही. ओपनवाल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि घरातल्या पहिल्या दोनच मुलांना. मुलग्यांची यात निम्मी ट्यूशन फी माफ होते. तिसऱ्या पोराचा फॉर्म घेऊन लोक येतात आणि आमच्याशी भांडतात, नियम आम्ही केलेला नाही हो.

मुलींचं वेगळं आहे. ८ जुलै २०२४ च्या जीआरनं (सरकारी आदेशानं) ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली, उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. बातमी आली तेव्हा "मुलींना शिक्षण फुकट" एवढंच सगळ्यांनी वाचलं आणि कॉलेजात गेल्यावर डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस असं सगळं भरायला सांगितल्यावर डोक्याला हात लावला. माफ फक्त शिक्षण फी आणि परीक्षा फी आहे, बाकीचे पैसे तुम्हालाच लागणार, त्याची तयारी ठेवूनच ॲडमिशनला जा. आणि खाजगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात धरलेली नाहीत, म्हणजे चकचकीत बिल्डिंग बघून तिथं ॲडमिशन घेतलं तर ही माफी विसरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रोफेशनल कोर्सला ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित मेरिट यादीतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की स्कॉलरशिप गेली, मग जात कुठलीही असो आणि उत्पन्न कितीही कमी असो. एक ताई मागं आल्या होत्या, पोरीला दुसऱ्या राऊंडला लांबचं कॉलेज लागलं म्हणून ते सोडलं आणि कुणीतरी ओळखीच्यानं जवळच्या कॉलेजात मॅनेजमेंटची सीट "करून दिली", वर सांगितलं स्कॉलरशिप नंतर बघू. नंतर बघायला काही राहतच नाही. अलॉटमेंट लेटर हातात घ्या, त्यावर कॅप लिहिलेलं दिसतं का बघा आणि मगच कॉलेजात पैसे भरा.

राहण्या-खाण्याचे पैसे

पुण्या-मुंबईत फीपेक्षा राहणं महाग पडतं हे ज्याचं पोरगं तिकडं आहे त्याला विचारा. एससी आणि नवबौद्ध मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरला वर्षाला ६० हजार, बाकी महानगरपालिकांच्या शहरांत ५१ हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. पोरगं त्याच गावचं राहणारं नको आणि हजेरी ७५ टक्के पाहिजे. एसटीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, ईबीसीवाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. लोक फीचा फॉर्म भरतात आणि याचा भरतच नाहीत, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. आल्यावर विचारा, विसरलात तर आम्ही विचारू.

अजून एक बारीक गोष्ट. एससीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये हॉस्टेलर का डे स्कॉलर (हॉस्टेलला न राहणारा) असं विचारतात. पोरं पटकन डे स्कॉलर टिक करतात कारण पुढं हॉस्टेलची माहिती भरायला नको. मेडिकल-इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटाच्या कोर्सला हॉस्टेलरला वर्षाला १३,५०० आणि डे स्कॉलरला ७,०००. एका टिकमध्ये साडेसहा हजार गेले. अर्थात खरंच हॉस्टेलला असाल तरच, कारण कागद द्यावा लागतो, खोटं भरू नका आणि आम्हाला भरायला सांगू नका.

दिल्लीचं पोर्टल

केंद्र सरकारचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल वेगळं आहे. त्यावर आधी ओटीआर म्हणजे एकदाच करायचं रजिस्ट्रेशन, आधार आणि चेहरा दाखवून. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाईलच्या वर असलेल्यांना सेंट्रल सेक्टर स्कीम आहे, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२ हजार आणि पुढं पीजीला २० हजार. देशभरात वर्षाला ८२ हजार नवीन मुलांना मिळते. ८० पर्सेंटाईल म्हणजे ८० टक्के मार्क नाहीत हां, बोर्डातल्या शंभरातल्या ऐंशी पोरांच्या पुढं असणं, हे दरवर्षी दहा जणांना समजावतो. डिप्लोमा आणि डिग्री इंजिनिअरिंगच्या मुलींना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५० हजार, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. अपंग विद्यार्थ्यांना तशीच सक्षम.

पण दोन्हीकडं हात मारता येत नाही. महाडीबीटीवर फी माफी घेतली असेल तर सेंट्रल सेक्टर घेता येत नाही, नंतर सापडलं तर पैसे परत मागतात. म्हणून कागद-पेन घ्या आणि हिशोब करा. पोरगा साध्या बीएस्सीला असेल आणि फी पाच-सात हजार असेल तर दिल्लीचे १२ हजार परवडतात. पोरगी इंजिनिअरिंगला आणि ट्यूशन फी लाखाच्या घरात असेल तर महाडीबीटीची माफी घ्या, प्रगतीच्या ५० हजारांच्या मागं लागू नका. आमच्याकडं येऊन "दोन्ही भरा, जे लागेल ते" असं म्हणू नका.

दाखले

रिझल्ट लागल्यावर दाखल्याला पळणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चपर्यंत असते, म्हणून एप्रिल उजाडला की तलाठ्याकडून अहवाल घेऊन तहसीलचा नवीन दाखला टाकून द्या, जूनमध्ये सर्व्हर रडतो आणि रांगही लागते. डोमिसाईल एकदा काढलं की झालं. नॉन क्रीमीलेयरची तारीख बघा. जातीची व्हॅलिडिटी (जात पडताळणी समितीचा दाखला) हे तर मोठंच काम, पोरगं अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजच्या सही-शिक्क्यानं समितीकडं फाईल टाका, चुलत्याची किंवा आत्याची व्हॅलिडिटी असेल तर तिची झेरॉक्स जोडा, काम सोपं होतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. बाकी रेशन कार्ड, दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, बोनाफाईड, फीची पावती आणि अलॉटमेंट लेटर.

महाडीबीटीला कागद १५ ते २५६ केबीमध्येच लागतो. मोबाईलनं चादरीवर ठेवून काढलेला फोटो चार एमबीचा असतो, तो दाबून २५६ केबीत बसवला की शिक्का निळा डाग दिसतो आणि पुढचा माणूस परत पाठवतो. ओरिजिनल आणा, स्कॅन आम्ही करतो.

नावाचं पण बघा. आधारवर "सुनिता", मार्कशीटवर "सुनीता", बँकेत आडनाव आधी, असली भेळ असेल तर पहिलं आधार दुरुस्त करा. आधारला जो मोबाईल नंबर आहे तो चालू पाहिजे, आईच्या जुन्या सिमला लिंक आहे आणि ते सिम बंद आहे असं म्हणून अर्धा दिवस जातो.

पैसे गेले कुठं?

गेल्या वर्षी वैरागकडचे एक दादा आले, हातात दुधाची पिशवी, पिशवीत सगळे कागद. पोरगी पुण्यात इंजिनिअरिंगला. महाडीबीटीवर दिसतंय पैसे जमा, पासबुकात भोपळा. कॉलेजवाले म्हणतात बँकेत विचारा, बँकवाले म्हणतात कॉलेजला विचारा, असे दोन महिने हेलपाटे. आम्ही पोरीला फोन लावून ओटीपी घेतला आणि आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस उघडलं तर तिसऱ्याच बँकेचं नाव. दादा म्हणाले, "हे आमचं खातंच नाय." मग घरी फोन. आज्जीनं सांगितलं की पोरगी नववीत असताना गावात कॅम्प लागला होता, अंगठा घेऊन झिरो बॅलन्सचं खातं काढलं होतं, कार्ड ट्रंकेत साड्यांच्या खाली आहे. सगळे पैसे त्या खात्यात पडून होते. दादा खाली पायरीवर बसून जे हसले ते आम्ही विसरत नाही.

तर हे नीट समजून घ्या. खात्याला आधार "लिंक" असणं वेगळं आणि "सीडिंग" वेगळं. बँकेनं केवायसीला आधार घेतलेलं असतं, म्हणून तिथला माणूस म्हणतो लिंक आहे, आणि तो खोटं बोलत नसतो. पण स्कॉलरशिप येते ती एनपीसीआयच्या (बँकांचे ऑनलाईन व्यवहार बघणारी संस्था) यादीत तुमच्या आधारापुढं ज्या बँकेचं नाव शेवटचं लागलंय तिथं, यालाच सीडिंग म्हणतात, फॉर्ममध्ये खाते नंबर काहीही असू दे. एका वेळी एकच बँक. नवीन खातं काढताना डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात) रकान्यात टिक केली की जुनीकडून नव्याकडं जातं आणि कुणाला कळत पण नाही. फॉर्म भरायच्या दिवशी सीडिंग बघाच, आमच्याकडं हे बघायचे पैसे घेत नाही. खातं विद्यार्थ्याच्या नावाचं लागतं, वडिलांचं चालत नाही. आणि फीचा भाग तुमच्या खात्यात आला तर तो कॉलेजचा आहे, त्याचा मोबाईल घेऊ नका.

सबमिटनंतर

अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, क्लार्क बघतो, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचं ऑफिस. कुठंही काही खटकलं की "सेंड बॅक", म्हणजे दुरुस्तीला परत. याचा मेसेज येतोच असं नाही, आणि आलाच तरी पोरं बघत नाहीत. दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघा. युजरनेम-पासवर्ड आम्ही पावतीच्या मागं लिहून देतो, ती पावती पँटच्या खिशात धुऊन टाकू नका. रिडीमचं (मंजूर पैसे घेण्याचं) बटण दिसलं तर दाबा. आणि दुसऱ्या वर्षी रिन्युअल करायलाच लागतं, आपोआप काही होत नाही, पहिल्या वर्षी मिळाली म्हणून निवांत राहिलेल्यांची यादी आमच्याकडं मोठी आहे.

सरकारी सोडून

पुण्यात शिकायला जाणाऱ्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या हॉस्टेलचा फॉर्म भरून ठेवावा, खेड्यातल्या पोरांसाठी जुनी संस्था आहे. मुलींनी लीला पूनावाला फाउंडेशन बघा. रिलायन्स फाउंडेशनची पदवीच्या पहिल्या वर्षाला असते, पूर्ण कोर्सला दोन लाखांपर्यंत, उत्पन्न १५ लाखांच्या आत, त्याला ऑनलाईन टेस्ट द्यावी लागते. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना आहे, त्याची चौकशी कॉलेजातच करा. यातलं कुणीही आधी पैसे मागत नाही. "तुमची स्कॉलरशिप मंजूर झालीय, प्रोसेसिंगचे दोन हजार पाठवा" असा फोन आला की सरळ कट करा.

कर्ज लागलंच तर पीएम विद्यालक्ष्मी बघा, ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेली योजना, यादीतल्या कॉलेजात मेरिटवर ॲडमिशन असेल तर तारण-जामीनदार लागत नाही, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी स्कॉलरशिप किंवा व्याज सवलत मिळत नसेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात तीन टक्के सूट. इथं पण मॅनेजमेंट कोटा चालत नाही. आधी स्कॉलरशिप, उरलेल्याला कर्ज, उलटं करू नका.

आमचं

महाडीबीटी किंवा नॅशनल पोर्टल फॉर्मचे पैसे घेत नाही, घरी मोबाईलवर भरता आला तर खुशाल भरा आणि अडलं तर या. आम्ही घेतो ते बसण्याचे आणि स्कॅनिंगचे, सेंड बॅक आलं तर दुरुस्ती त्याच पैशात. मंजुरीची गॅरंटी देत नाही, "साहेबांशी ओळख" पण नाही. सकाळी दहाच्या आत आलात तर सर्व्हर पळतो. विद्यार्थी सोबत पाहिजे, आणि आधारला लिंक असलेला मोबाईल चार्ज करून आणा, आमच्याकडं चार्जर एकच आहे.