घडाघडा वाचतं, पण समजतं का?

दोन भाषांत वाढणारं मूल शाळेच्या भाषेतलं पान घडाघडा वाचतं आणि घरचे खूश होतात, "वाचायला आलं की!" हे ऐकलं की मला राहवत नाही. त्याला अजून अर्धंच आलंय.

अक्षरांवरून शब्द उलगडणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अक्षर आणि आवाज यांची सांगड असते हे एका भाषेत उमगलं, की दुसरीत ते पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. लिपी तेवढी नवी.

घोळ होतो तो अर्थापाशी. वाचनाचे अभ्यासक फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलं की वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य, दुसरी कितीही भक्कम असो.

एका इंग्रजी गोष्टीत कोल्हा 'बँक'वर बसलेला होता. मुलीने वाक्य बिनचूक वाचलं. चित्र काढ म्हटल्यावर तिने पैशांची बँक काढली आणि छपरावर कोल्हा. 'बँक'चा दुसरा अर्थ, नदीचा काठ, तिच्या मनात आलाच नव्हता. उच्चार इतका स्वच्छ, की ऐकणाऱ्याला शंका कशी यावी?

अशा मुलांना तेच पान पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायला लावतात, याचा मला मनापासून राग येतो. त्यापेक्षा ते पान तुम्ही वाचून दाखवा. ऐकून समजलं, तर अडचण शब्द उलगडण्यात आहे. ऐकूनही समजलं नाही, तर तोच मजकूर घरच्या भाषेत सांगा. आता लख्ख कळला? मग शाळेच्या भाषेतले शब्द कमी पडतायत, एवढंच. याला डिस्लेक्सिया म्हणू नका. डिस्लेक्सियात मूल शब्द उलगडतानाच अडखळतं, आणि ते अडखळणं कमीअधिक प्रमाणात दोन्ही भाषांत दिसतं.

"घरी फक्त शाळेचीच भाषा बोला" हा सल्ला तर साफ चुकीचा. एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीच्या कामी येते, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. वाचलेली गोष्ट मुलाला घरच्या भाषेत सांगू द्या, अडलेला शब्द त्याच भाषेत समजावा. त्या मुलीला 'काठ' एवढा एकच शब्द सांगितला. तिने खोडरबर उचललं, इमारत पुसली आणि कोल्ह्याच्या पायाशी निळी नदी काढली.