बॅकअप स्क्रिप्टमधला इव्हॅल आम्ही का काढतोय

चादर-टॉवेलवाल्या आपल्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडं रात्रीचा बॅकअप एका छोट्या बॅश स्क्रिप्टवर, म्हणजे बॅश नावाचा प्रोग्रॅम ओळीनं वाचून चालवतो अशा हुकमांच्या यादीवर, चालतो. यंदा मेंटेनन्सला आलो की आमची पोरं आधी त्यात इव्हॅल, म्हणजे दिलेला मजकूर हुकूम म्हणून चालवणारी बॅशची कमांड, शोधतात आन सापडला की काढतात. चालू मागाला कशाला हात लावताय, असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून हा कागद.

होतं काय, तर कमांड तुकड्या-तुकड्यानं बनते, आधी आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम), मग ऑप्शन, मग फोल्डरचं नाव, सगळं एका व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या डब्यात) चिकटवायचं आन ते रन करायचं. फोल्डर 'टॉवेल एक्सपोर्ट' असला की बॅश मधल्या स्पेसवर तोडतो आन दोन वेगळे फोल्डर शोधत बसतो. आत कोट घातले तरी फरक नाही, व्हेरिएबलमधून आलेले कोट त्याच्या लेखी नुसती अक्षरं. मग वैतागून माणूस त्या ओळीच्या आधी इव्हॅल लावतो, आन चालतं की! कारण इव्हॅल ती ओळ पहिल्यापासून परत वाचायला लावतो, तुम्ही स्वतः टाइप केल्यासारखी.

गोम तिथंच आहे. परत वाचताना नाव कुठलं आन हुकूम कुठला हे त्याला कळत नाही. नावाला सिंगल कोट लावलेत आन बायरनं पाठवलेल्या फाइलच्या नावातच एक तसला कोट असला, की आपला कोट तिथंच बंद, आन त्यापुढं सेमिकोलन असला तर उरलेलं नाव कमांड म्हणून चालू शकतं. डबल कोट लावले तर डॉलर लावून कंसात लिहिलेली कमांड आतूनसुद्धा चालतेच. लिनक्सवर फाइलच्या नावात स्लॅश सोडून जवळपास काहीही बसतं, आन बॅकअप बहुतेकांकडं रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानं, चालतो. पुढचं तुम्हीच समजा.

आम्ही आता कमांड ॲरेत, म्हणजे वेगवेगळ्या खणांच्या यादीत, ठेवतो. एकेक शब्द आपापल्या खणात, चालवताना पूर्ण ॲरे डबल कोटमध्ये, त्यामुळं स्पेस असो की सेमिकोलन, नाव नावच राहतं. पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं) आन रिडायरेक्ट (आउटपुट फाइलीत वळवणं) मात्र ॲरेत बसत नाहीत, तिथं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कमांडचा गट, लिहितो. एसएसएचनं दुसऱ्या मशीनवर कमांड पाठवायची असली तर तिकडचा शेल (बॅशसारखा हुकूम वाचणारा प्रोग्रॅम) ती परत वाचतो, म्हणून तिथं प्रिंटएफ कमांडच्या टक्का-क्यूनं (खास अक्षरं नुसती अक्षरं राहतील अशी सोय) नाव बांधून पाठवतो, हे बरेच जण विसरतात. एसएसएच-एजंटच्या (एसएसएचच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळीतला इव्हॅल तसाच दिसेल, घाबरू नका, त्याचं आउटपुट इव्हॅलसाठीच असतं.

तुमच्याकडून एकच, स्क्रिप्ट हातानं चालवायची वेळ आली तर स्क्रिप्टच्या नावाआधी बॅश लिहा, नुसतं एसएच नको. उबुंटू लिनक्सवर एसएच म्हणजे डॅश नावाचा दुसरा शेल, त्याला ॲरे कळत नाही, स्क्रिप्ट सिंटॅक्स एरर देऊन तिथंच थांबेल आन तुम्ही रात्री अकराला आम्हाला फोन कराल.