कर्करोगाच्या गाठीत पोहत शिरणारे जिवाणू

कर्करोगाचे औषध जिवाणूवर लादून चुंबकाच्या साहाय्याने गाठीत पाठवता येते, असे वाचले की चुंबक त्या जिवाणूला ओढून नेत असणार, अशी बहुतेकांची समजूत होते. खरी यंत्रणा तशी नाही, आणि ती त्याहून कितीतरी रंजक आहे.

गाठ वेगाने वाढते, पण तिच्यातील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून जेमतेम १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंत झिरपतो. त्यापलीकडे तग धरून असलेल्या पेशींपर्यंत रक्तातून येणारे औषध नीट पोहोचत नाही आणि किरणोपचारही तेथे कमी पडतो.

मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमधील सिल्व्हाँ मार्टेल यांच्या गटाने २०१६ मध्ये यासाठी मॅग्नेटोकॉकस मरिनस हा समुद्री जिवाणू वापरला. त्याच्या पेशीत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची साखळी असते आणि ती होकायंत्राच्या सुईसारखी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळते. क्षेत्र जिवाणूला केवळ वळवते. पोहण्याचे काम त्याच्या कशाभिकाच (शेपटीसारखे फिरणारे तंतू) करतात, त्यामुळे मेलेला जिवाणू त्या दिशेला तोंड करतो खरा, पण पुढे सरकत नाही. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या चुंबकरेषा तिरप्या होऊन जमिनीत शिरत असल्याने त्या धरून पोहणारा जिवाणू आपोआप खाली, कमी ऑक्सिजनच्या थराकडे जातो. तेथे ऑक्सिजन जास्त वाटला की तो रेषेवर एका बाजूस आणि फारच कमी वाटला की उलट बाजूस पोहतो, म्हणजे चहूकडे भटकण्याऐवजी त्याचा सगळा शोध एकाच रेषेवर चालतो.

नेमक्या याच सवयीचा उपयोग करून घेण्यात आला. प्रत्येक जिवाणूवर एसएन-३८ हे औषध भरलेले सुमारे ७० लायपोसोम (मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्या) चिकटवून असे जिवाणू उंदरांच्या गाठीशेजारी टोचले आणि बाहेरील क्षेत्राने त्यांचा रोख गाठीकडे वळवला. आत शिरल्यावर कमी ऑक्सिजनची जागा त्यांनी स्वतःच हुडकली, आणि सोडलेल्यांपैकी ५५ टक्क्यांपर्यंत जिवाणू तेथे पोहोचले. (चुंबकाच्या गाद्या आणि कडी विकणाऱ्यांनी यावरून हुरळून जाऊ नये; येथे चुंबक काहीही बरे करत नाही, तो फक्त वाट दाखवतो.)

अर्थात उंदरांवरील यश माणसांत उतरेलच असे नाही. उंदरांच्या गाठींत उत्तम वाढणारा दुर्बल केलेला साल्मोनेला हा जिवाणू माणसांना दिला, तेव्हा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोणाचीही गाठ आक्रसली नव्हती. मार्टेल यांचे जिवाणू गाठीच्या अगदी शेजारी टोचावे लागले, त्यामुळे शरीरात खोलवर असलेल्या किंवा ठिकठिकाणी पसरलेल्या गाठींपर्यंत ते कसे न्यायचे, हा प्रश्न त्या प्रयोगाने सुटलेला नाही.